आवारी मॅडम आणि गुळगुळीत पायऱ्या

आवारी मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आधी भिंतीला हात लावला, मग मला नमस्कार केला. हात लावला म्हणजे नुसता टेकवला नाही. अंगठ्याचं नख त्यांनी भिंतीवरून सावकाश खाली ओढलं, चौकटीपाशी थांबल्या, मान जराशी कलती केली आणि प्रसन्न होऊन म्हणाल्या, "छान खडबडीत आहे हो!"

त्याच भिंतीवरून माझे यजमान रंगाऱ्याशी आठवडाभर भांडत होते. खाचा बुजवायची लांबी नीट भरली नाही, पैसे देणार नाही, असं प्रकरण चाललं होतं. त्यांचा चेहरा पडला. हे कौतुक आहे हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, आणि आल्यावरही त्यांनी ते मनापासून स्वीकारलं असं मला वाटत नाही. मॅडम मात्र चहा पिताना अधूनमधून त्या भिंतीकडे असं बघत होत्या, जसं लोक दुसऱ्याच्या गुणी मुलाकडे बघतात.

राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागा आणि ऊस यांच्या मधोमध आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिथं संवादकौशल्य शिकवायचे, म्हणजे मुलाखतीला गेल्यावर खुर्चीत कसं बसायचं आणि न येणाऱ्या प्रश्नाला कसं हसायचं, ते. मॅडम मेकॅनिकलला होत्या. त्यांचा विषय एका वाक्यात सांगता येण्यासारखा होता: दोन वस्तू एकमेकींना टेकतात तेव्हा नेमकं काय होतं?

"एवढंच?" मी ओळखीच्या नवलाईत विचारलं होतं.

"एवढंच," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, अजून टेकतायत."

त्या मूळच्या भंडारदऱ्याकडच्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरात भाताची खाचरं असलेल्या घरात वाढलेल्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि खांद्याला एक पर्स. त्या पर्समध्ये पावडर-कंगवा नसून पॉलिश पेपरचे तुकडे, काचेच्या पट्ट्या आणि एक भिंग असायचं. एकदा राहात्याच्या बाजारात सुट्टे पैसे शोधताना त्यांनी भाजीवालीच्या हातावर पॉलिश पेपर ठेवला. तिनं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "ताई, ही नोट कवा आली म्हनं?"

वर्गात मात्र त्या राजासारख्या. पहिल्या तासाला टेबलावर डस्टर ठेवायच्या आणि विचारायच्या, "हा डस्टर टेबलाला किती जागेत टेकलाय?" मुलं पट्टी घेऊन लांबी-रुंदी मोजायची, गुणाकार करून उत्तर द्यायची.

"साफ चूक. आता असं करा. आख्खा नगर जिल्हा मुळासकट उचला, उलटा करा आणि नाशिक जिल्ह्यावर ठेवा. किती ठिकाणी टेकेल?"

मुलं एकमेकांकडं बघायची.

"आमची कळसूबाई टेकेल. इकडचा एखादा सुळका तिकडच्या एखाद्या किल्ल्यावर अडकेल. बाकी सगळा जिल्हा अधांतरी. कुठलीही दोन पृष्ठं अशीच. डोळ्याला सपाट दिसतात, भिंगातून डोंगर. टेकतात ती फक्त टोकं."

एकदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आमच्या राहात्याचं काय होईल?"

"राहाता सपाट. राहात्याला नाशिकचा वारासुद्धा लागणार नाही," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "पण वरून दाब द्या. टोकं चेपतील, आणखी टोकं टेकतील. ओझं वाढलं की टेकलेली जागा वाढते, म्हणून घर्षण वाढतं. फार म्हणजे फारच दाबलं तर राहात्याचाही नंबर लागेल."

पुढं परीक्षेत एकानं उत्तरपत्रिकेत नकाशाच काढला. मॅडमनी त्याला पूर्ण गुण दिले, फक्त संगमनेर चुकीच्या जागी दाखवलं म्हणून समज दिली.

आता माझं काम शब्दांचं. असं काही ऐकलं की माझ्या डोक्यात लगेच उपमा उगवायला लागते. शिक्षकदिनाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला आपल्याकडे ओढत असते, पण पृष्ठभागावरची टोकं आड येतात म्हणून त्या चिकटत नाहीत, असं मॅडमनीच मला कधीतरी सांगितलं होतं. ते घेऊन मी म्हटलं, "माणसांचंही असंच असतं. मनं जवळ यायला आतुर असतात, पण स्वभावाची टोकं..."

टाळ्यांची जागा आली होती. पहिल्या रांगेतून मॅडमचा आवाज आला, "माणसांचं आपल्याला माहीत नाही. माणसांवर प्रयोग केलेले नाहीत."

सभागृह हसलं. मी खाली येऊन बसले तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "रागावू नकोस रेखा. भाषण छान होतं. फक्त खोटं होतं."

त्यांचं विभागप्रमुखपद हुकलं त्याची कथा तर कॉलेजात आल्या-गेल्याला सांगितली जायची. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. मीही कसल्याशा कागदावर सही घ्यायला तिथंच उभी होते. प्राचार्य जबाबदारी, शिस्त, संस्थेची अपेक्षा असं बोलत होते आणि मॅडम त्यांच्या डोक्याच्या वर बघत होत्या. तिथं खिडकीच्या काचेवर बाहेरच्या अंगानं एक पाल बसली होती. पालीचं पोट आणि चारी पंजे आतून स्वच्छ दिसत होते.

"सर, एक मिनिट," असं म्हणून मॅडम चपला काढून सोफ्यावर चढल्या आणि पर्समधलं भिंग काचेला लावलं.

"मॅडम, आपण विभागप्रमुखपदाबद्दल बोलत होतो."

"हो हो, बोला ना, मी ऐकतेय," त्या सोफ्यावरून म्हणाल्या. "रेखा, ये, बघ! हिच्या बोटांवर इतके बारीक केस असतात की प्रत्येक खाचेत शिरतात. सगळीकडे टेकते ही, आपल्यासारखी टोकाटोकांवर नाही. पण चिकटण्याचं सोड, चिकटणं सोपं आहे. ती सुटते कशी ते बघ! बोट टोकाकडून वर वळवते. सोलून काढल्यासारखं. अगं बाई, लईच भारी!"

त्या आनंदल्या की 'लई' यायचं, रागावल्या तरी यायचं. एरवी त्यांची भाषा शुद्ध.

प्राचार्य काही वाईट माणूस नव्हते. पद दुसऱ्याला दिल्यावर ते मला म्हणाले, "योग्यता त्यांचीच आहे हो. पण खुर्ची दिली तर त्या तिच्यावर बसतील याची खात्री वाटत नाही. उभ्या राहतील."

मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." आणि खरंच त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

घरी त्यांचे यजमान, भाऊसाहेब. दूध डेअरीतून निवृत्त झालेले, उंच, शांत गृहस्थ. दिवसाकाठी मोजकंच बोलायचे, पण वाया जाईल असं बोलायचे नाहीत. एकदा आम्ही जेवायला बसलो असताना मॅडमनी दुधाची साय पातेल्याला कुठं धरते आणि कुठं सुटते हे दाखवायला घेतलं. पानं वाढून झालेली, भाकरी निवत चाललेली. भाऊसाहेब माझ्या यजमानांच्या कानाशी वाकून म्हणाले, "सुरुवात करा. आमच्याकडं वदनी कवळ घेता नंतर व्याख्यान असतं, आणि त्याला शेवट नसतो."

एवढ्यावर मॅडमचं चित्र पुरं झालं असतं. विक्षिप्त प्राध्यापिका म्हणून आम्ही सगळे त्यांच्यावर हसत राहिलो असतो आणि त्याही आमच्याबरोबर हसत राहिल्या असत्या. पण मग त्यांच्या सासरच्या गावच्या पायऱ्यांचं प्रकरण झालं, आणि त्यात त्या हसत नव्हत्या.

त्यांचं सासर नेवाशाकडचं, प्रवरेच्या काठावर. भाऊसाहेबांचे थोरले बंधू, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, ते तिथं शेती बघायचे. सासूबाई वारल्या आणि दादांनी ठरवलं की गावातून नदीवर उतरणारा जुना घाट आईच्या नावानं नवा करायचा. जुन्या पायऱ्या फुटक्या, वेड्यावाकड्या होत्या. दादांनी नगरहून ग्रॅनाइट ठरवला. काळा, पॉलिश केलेला, तोंड बघून भांग पाडावा असा.

मॅडमना हे कळलं आणि त्या दोन दिवस वर्गात नगर जिल्हा उलटा करायचंच विसरल्या.

"लोक पडतील," त्या मला म्हणाल्या. "नदीचा घाट आहे. येणारा ओल्या पायानंच वर येणार. पाण्याचा पापुद्रा मध्ये आला की पायाला टोक सापडत नाही धरायला. खडबडीत दगड असला तर पाणी खाचेत उतरतं आणि टोकं वर राहतात. गुळगुळीत दगडावर ते उतरणार कुठं? तू संवाद शिकवतेस ना? चल माझ्याबरोबर. गावाशी संवाद करायचाय."

मी गेले. मला तिथं एक शब्दही बोलायला मिळाला नाही हे आधीच सांगून टाकते.

देवळासमोरच्या ओट्यावर बैठक भरली होती. दादा मध्ये बसलेले, पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलण्याला वजन. मॅडमनी शांतपणे सुरुवात केली. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंदा, तू शिकलेली हाय. तुझं चूक आसंल असं मी म्हनत न्हाई. पर माझ्या आईनं जलमभर त्या फुटक्या पायऱ्यांवरून धुनं वाह्यलं. टाचा बघितल्या हुत्या ना तिच्या? भेगा पडून रगत यायचं. तिच्या पायाला आयुष्यात कधी गुळगुळीत काही लागलं न्हाई. तिच्या नावाचं तरी लागू दे."

  त्या टाचांना शेवटचं वर्षभर आमसुलाचं तेल चोळलं होतं ते मॅडमनीच. सासूबाई तेव्हा राहात्याला त्यांच्याकडंच होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "त्या टाचांनाच धरायला काहीतरी लागतं."

"मंग दाखव करून," कुणीतरी मागून म्हणालं.

दाखवायची तयारी त्यांनी केलीच होती. गाडीतून एक लाकडी फळी आणली होती, तिच्यावर एका बाजूला पॉलिश केलेली ग्रॅनाइटची पट्टी, दुसऱ्या बाजूला खडबडीत दगडाची. चपलेचं रबर लावलेले दोन सारखे ठोकळे होते. ठोकळे ठेवायचे आणि फळी एका टोकानं हळूहळू उचलत जायची. ज्याच्यावरचा ठोकळा आधी घसरेल तो दगड वाईट. फळी उचलायला भाऊसाहेब. पाण्याची बादली माझ्या हातात.

"आधी कोरडं बघू," मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी फळी उचलली. चढ वाढला. गाव श्वास रोखून बघत होतं. आणि घसरला तो खडबडीत दगडावरचा ठोकळा! ग्रॅनाइटवरचा आपला चिकटून बसलेला.

एकच हशा झाला. "मॅडम, तुमचाच पडला की!" सरपंच टाळी वाजवत म्हणाले. दादांच्या मिशीतही हसू आलं.

त्या वेळी मॅडमच्या जागी कुणीही असतं तर म्हणालं असतं, थांबा, ही खरी परीक्षा नव्हे, आता पाणी ओता. मी तर बादली घेऊन पुढंही झाले होते. पण मॅडमचा चेहरा उजळला होता.

"अगदी बरोबर!" त्या म्हणाल्या. "कोरड्यावर असंच व्हायला पाहिजे! रबर मऊ असतं. गुळगुळीत दगडावर ते जास्त जागी टेकतं, म्हणून जास्त धरतं. लोकांना वाटतं खडबडीत म्हणजे नेहमीच जास्त घर्षण. तसं नसतंच! आता हे का होतं बघा..."

आणि त्यांनी 'का' सुरू केला. नगर जिल्हा उलटा झाला. कळसूबाई टेकली. पाल काचेवर चढली. मी बादली घेऊन उभी. हाताला कळ लागली म्हणून ती खाली ठेवली. मंडळींपैकी एकाला गाईची धार काढायची होती, दुसऱ्याचा टॅंकर येणार होता. सरपंचांनी उठता उठता विचारलं, "म्हंजे मॅडम, ग्रॅनाइट जास्त धरतो, हे तुमी मान्य करता?"

"कोरडा असेल तर, हो. अगदी मान्य."

"झालं तर मंग!" सरपंच म्हणाले आणि बैठक उठली.

 परतीच्या वाटेवर मॅडमच म्हणाल्या, "पाणी राहिलं ना गं ओतायचं?"

"राहिलं," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी गाडीचा गिअर बदलला. "बादली भरलेली परत आणलीय," ते म्हणाले. "फुलझाडांना होईल."

मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादांना फोन केला, मी एकदा पुन्हा येते म्हणून. दादा म्हणाले, आता दगड आलाय. शब्दानं शब्द वाढला. आईच्या कामात मोडता घालतेस, असं दादा बोलून गेले. हे मॅडमना फार लागलं. त्यानंतर दीर-भावजयीचं बोलणं बंद झालं. फोन आला तर दादा "भाऊ हाय का?" एवढंच विचारायचे आणि मॅडम न बोलता फोन भाऊसाहेबांच्या हातात द्यायच्या. घाट पुरा झाला. गावातल्या पोरींनी त्याच्यावर फोटो काढून मोबाईलवर टाकले. मॅडमनी ते बघितले आणि मोबाईल उलटा ठेवला. मी एकदा चहा पिताना, टोकं, जवळीक, असं काहीतरी सुचवायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बिस्किट बुडवून गप्प खाल्लं.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धालाच घाटाचा कार्यक्रम ठेवला होता. मॅडम जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आईंचं आहे. दादांचं नाही." मलाही बरोबर घेतलं.

सकाळची वेळ होती. पायऱ्या खरंच देखण्या झाल्या होत्या, काळ्याभोर, वरचं आभाळ दिसत होतं त्यांच्यात. सगळ्यात वर आईच्या नावाची पाटी. बायका खाली नदीवर जाऊन, पाय धुऊन, कळशा भरून वर येत होत्या. कळशीतलं पाणी हिंदकळून पायऱ्यांवर सांडत होतं. मॅडम ते बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांना राहवेना. त्या चपला काढून खाली उतरल्या आणि म्हाताऱ्या बायकांच्या पुढं चालायला लागल्या. दर पायरीला मागं वळून सांगायच्या, "कठड्याला धरा. आत्या, कडेनं या. जपून."

असं वळून "जपून" म्हणतानाच त्या पडल्या.

आवाज काही फार मोठा झाला नाही. पाय निघाला, हात खाली टेकला आणि त्या दोन पायऱ्या खाली जाऊन बसल्या. चेहरा पांढराफटक. मनगट नको त्या बाजूला वळलेलं.

वरून सगळ्यात आधी धावले ते दादा. सत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, "मंदा, मंदा" करत. तिसऱ्याच पायरीवर त्यांचाही पाय सटकला. कठडा हाताशी आला म्हणून वाचले आणि तिथंच बसले. कुणीतरी त्यांना उठवायला पुढं झालं.

मॅडम खालून ओरडल्या, "दादा, उठू नका! बसूनच सरका!"

कित्येक महिन्यांनंतर ती त्या दोघांमधली पहिली वाक्यं. दादांनी ऐकलं. बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत ते मॅडमपर्यंत पोहोचले. पांढरं धोतर चिखलानं भरलं. त्यांनी डोक्याची टोपी काढली, मॅडमच्या मनगटाखाली धरली, आणि मग दोघं तशीच, बसून, एकेक पायरी वर यायला लागली. दादा आधी वर सरकायचे, मग मॅडमच्या काखेला आधार द्यायचे. मी आणि भाऊसाहेब दोन्ही बाजूंना. सगळं गाव वर उभं राहून बघत होतं. आदल्या बैठकीत हसलेला एकही माणूस आज हसत नव्हता.

मधल्या एका पायरीवर दादा दम खायला थांबले. म्हणाले, "लई दुखतंय का गं?"

"हो," मॅडम म्हणाल्या. मग जरा वेळानं, "पण पायरीचा कोन बघा, कोन चांगला ठेवलाय."

दादांनी तोंड फिरवलं. डोळे पुसले असावेत.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं, मॅडम राहात्याला घरी आल्या. मी रोज कॉलेज सुटल्यावर जायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी दादा आले. उपरण्यात काहीतरी जड गुंडाळलेलं. आत येऊन खुर्चीवर टेकले आणि त्यांनी उपरणं सोडलं. आत घाटावरच्याच ग्रॅनाइटचा तुकडा होता, पाथरवटाकडून छिन्नीनं टोचून घेतलेला.

"बघ हात लावून," ते म्हणाले. "एवढं बास हाय का?"

उजवा हात गळ्यात बांधलेला. मॅडमनी डाव्या अंगठ्याचं नख ओढलं, पुन्हा ओढलं. मला वाटलं, आता माणूस एवढ्या लांबून आलाय, 'छान' म्हणून टाकावं.

"न्हाई दादा," त्या म्हणाल्या. "अजून खोल पाहिजे. पाणी उतरायला हवं."

दादा तुकडा गुंडाळून परत गेले. पुढच्या आठवड्यात दुसरा घेऊन आले. तो फार खोल निघाला. "ह्याच्यानं टाचा सोलतील. आईंच्या भेगा विसरलात का?" दादा तोही घेऊन गेले. तिसऱ्या खेपेला भाऊसाहेब मला दारातच म्हणाले, "दादांचं येणं वाढलंय. दगड लवकर जमू नये असं वाटतंय मला."

या खेपेला मॅडमनी नख ओढलं, मग बशीतलं पाणी तुकड्यावर ओतायला लावलं, दादांनाच त्याच्यावर अंगठा दाबून सरकवायला लावला. अंगठा हलला नाही.

"धरतंय की," दादा हळूच म्हणाले.

"धरतंय," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या पायऱ्या अशा करा. फक्त वरची पाटी राहू द्या. आईंचं नाव गुळगुळीतच राहू दे. तिथं कुणी पाय ठेवत नाही."

दादा बराच वेळ तो दगड मांडीवर घेऊन बसून राहिले.

काम पूर्ण व्हायला उन्हाळा लागला. गावातल्या पोरींनी कुरकुर केली, फोटो पहिल्यासारखे येत नाहीत म्हणून. दादांनी त्यांना काय सांगितलं हे भाऊसाहेबांकडून कळलं. दादा म्हणाले होते, "फोटू काडायचा तर आईच्या पाटीपाशी काडा. पायऱ्या चढायला हायेत."

मॅडमचं मनगट बरं झालं, थोडं ताठर राहिलं. प्रयोगशाळेत त्या पुन्हा ठोकळे सरकवायला लागल्या. मी त्यांना एकदाच विचारलं, "तेव्हा पाणी ओतलं असतं तर हात वाचला असता, नाही का?"

"वाचला असता," त्या म्हणाल्या. "पण कोरड्याचं उत्तर समोर आलं आणि मी ते अर्धवट सोडून पुढं गेले, असं कसं चालेल?"

यथावकाश त्या निवृत्त झाल्या. भंडारदऱ्याकडं, माहेरच्या खाचराशेजारी, दोन खोल्या बांधल्या होत्या. तिकडं राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी भेटायला गेले. मनात चार ओळी जुळवून ठेवल्या होत्या. इतकी वर्षं बरोबर काढली, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून. उपमा एकही नव्हती, मुद्दाम काढून टाकल्या होत्या.

दारात टेम्पो उभा होता. निम्मं सामान चढलं होतं. हमाल आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट शहाबादी फरशीवरून ओढत होते आणि कपाट असं किंचाळत होतं की शेजारचं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

"थांबा!" आतून मॅडमचा आवाज.

हमाल थांबले. त्यांना वाटलं काही मोडलं.

"मागं घ्या. पुन्हा ओढा. या वेळी जरा हळू."

हमालांनी एकमेकांकडं बघितलं. कपाट मागं गेलं, पुन्हा ओढलं गेलं. या वेळी ते किंचाळलं नाही, कुरकुरलं. मॅडम फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या, कान कपाटाच्या पत्र्याला लावून.

"बघितलंत? हळू ओढलं की आवाज बदलतो. पाय धरतो, सुटतो, धरतो, सुटतो. आता जोरात."

"मंदा, टेम्पोवाला थांबलाय," भाऊसाहेब म्हणाले.

"एकदाच. शेवटचं."

मी पुढं झाले. "मॅडम," मी सुरुवात केली, "तुमच्याबरोबर इतकी वर्षं..."

"श्श!" त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि माझं डोकं कपाटाकडं ढकललं. "ऐक."

मी कान लावला. पत्रा गार होता. हमालांनी जोर लावला आणि माझ्या डोक्याच्या आरपार एक कर्कश किर्रर्र गेली. मला त्यात काही कळलं नाही. मॅडमचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कुणी गाणं ऐकावं तसं समाधान.

कपाट टेम्पोत चढलं. भाऊसाहेब ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्यांनी मॅडमसाठी जागा करून दार उघडं धरलं. मॅडम पुढं आल्याच नाहीत. साडीचा काचा मारून त्या मागं सामानात चढल्या. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघून खांदे उडवले आणि दार लावून घेतलं.

टेम्पो संगमनेरच्या रस्त्याला लागला. गतिरोधकावर सगळं सामान हललं, कपाट पुन्हा एकदा करकरलं. मॅडमनी मला निरोपाचा हात करायला वर उचलला होता, तो तसाच हवेत राहिला आणि त्या झटकन कपाटाकडं वळल्या.